चांदाची सतरावी आणि किल्ल्याखालची गुहा

आपल्या घरातल्या कॅलेंडरवर दोन तारखा छापलेल्या असतात. एक नोकरीची, दुसरी चांदाची. चांदाची तारीख आता आपण वर्षातून मोजक्या वेळा विचारतो. रमजान कधी लागणार, ईद कधी, मोहर्रमची दहावी कधी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ही तारीख रोज विचारली जायची. आज चांदाची कितवी हे कळलं की पाणी किती वाजता भरणार, किती वाजता ओसरणार हे कळायचं. मग होडी कधी लोटायची आणि कालवं काढायला खडकावर कधी जायचं, ते ठरायचं.

माझ्या सासूबाईंना हा हिशेब अजून तोंडपाठ आहे. आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो. त्या शाळेत चौथीपर्यंत गेल्या, पण पाऊणकीचा पाढा त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. किनाऱ्यावरचे हिंदू शेजारी तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. आपली चांदाची पहिली चांद दिसल्यावर धरली जाते, म्हणून आपली तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे चालते. अम्मींचा नियम त्यामुळे असा: चांदाच्या तारखेत एक मिळवायचा, पंधराच्या वर गेलं तर पंधरा वजा करायचे आणि उरेल त्याची पाऊणपट करायची. ती भरतीची वेळ, सकाळी आणि रात्री दोन्हीकडे. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि आमच्या रत्नागिरीला पाणी हिशेबाच्या थोडं आधीच येतं. अचूक वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक असतंच. पण पंधराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला घरात बसून समुद्राची वेळ सांगता यावी, ही काही छोटी गोष्ट म्हणता येणार नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण माझा भाचा. कुर्ल्याला राहतो, अकरावीत आहे. नाताळच्या सुट्टीत आला आणि आल्या आल्या त्याने मोबाइलवर इटलीतल्या काप्री बेटाची गुहा दाखवली. निळी गुहा म्हणतात तिला. तोंड जेमतेम मीटरभर उंच. लहान होडीत आडवं पडायचं, नावाडी भिंतीला लावलेली साखळी पकडून लाट खाली जाते त्या क्षणी होडी आत ओढतो. आत सगळं पाणी निळ्या दिव्यासारखं उजळलेलं. दिवा मात्र कुठेच नसतो. तोंडाच्या खाली, पाण्यात, दुसरं मोठं भोक आहे. ऊन त्या वाटेने पाण्यातून गाळून आत येतं. पाणी तांबडा रंग शोषून घेतं, निळा पुढे जाऊ देतं. तिथले कोळी या गुहेला घाबरायचे. १८२६ मध्ये आउगुस्ट कोपिश नावाच्या जर्मन माणसाने स्थानिक कोळ्याला बरोबर घेऊन आत पोहून पाहिलं आणि मग ती जगभर गाजली. १९६० च्या दशकात तिच्या तळाशी रोमन काळातले पुतळेही सापडले.

"खाला, आपल्याकडे असं काही नाही ना?" भाच्याने विचारलं.

आहे, म्हटलं. रत्नदुर्गाच्या कड्याखाली समुद्रात गुहा आहे. तुझे नाना दररोज तिच्यासमोरून जायचे.

उर्दूच्या तासाला मी मुलांना "ग़ार" शब्द शिकवते, तेव्हा सगळ्यांना ग़ार-ए-हिरा आठवतं, ग़ार-ए-सौर आठवतं. पण गुहा तयार कशी होते, हा प्रश्न माझ्या वर्गात अजून एकाही मुलाने विचारलेला नाही. आपल्या किनाऱ्यावर त्याचं उत्तर डोळ्यांसमोर आहे. वरती जांभा दगड, ज्याच्या चिऱ्यांनी आपली घरं बांधलेली आहेत. बुकानन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०७ मध्ये मलबारचा असाच दगड पाहून त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. जमिनीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो, हे आपल्या गवंड्यांना बुकाननच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. जांभ्याच्या खाली चिकणमातीसारखा मऊ थर आणि त्याच्या खाली काळा पाषाण. लाट येते ती नुसतं पाणी घेऊन येत नाही. दगडाच्या भेगेत हवा कोंडते, पाण्याच्या दाबाने ती आवळली जाते आणि लाट मागे गेली की सुटते. दिवसाला हजारो वेळा हे चालू. भेग रुंदावते, मऊ भाग आधी झिजतो, वरचा टणक भाग छपरासारखा लोंबत राहतो. तीच गुहा. छप्पर कधीतरी कोसळतं आणि कडा एक पाऊल मागे सरकतो.

ही झीज उघड्यावर पाहायची असेल तर गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ पाहावी. खडकात अरुंद घळ आहे. भरतीला तिच्यात पाणी घुसतं आणि समोर जागा नाही म्हणून उसळून वर कारंज्यासारखं उडतं. ती भरतीला पाहायची, लांब उभं राहून. गुहा मात्र ओहोटीला.

म्हणून दिवस ठरवताना आम्ही आधी चांद पाहिला. पुनवेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी, तो भांग. पुनवेला आपल्याकडे भरती अकरा-बाराला, म्हणजे खरी ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी, अंधारात. भांगाला ओहोटी दुपारी येते, उजेड भरपूर असतो, पण पाणी हवं तितकं उतरत नाही. मधले दिवस हवेत. अम्मींनी बोटांवर मोजलं. सतरात एक मिळवला अठरा, वजा पंधरा, उरले तीन, तीनाची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. उधाण अजून पुरतं उतरलेलं नसतं आणि उजेडही असतो. नशिबाने सतरावी रविवारी होती.

होडी माझ्या मिस्टरांच्या चुलत भावाची. पोरं त्यांना चाचा म्हणतात. तीस वर्षं समुद्रावर, आता स्वतःची लहान फायबरची होडी. त्यांची अट एकच होती: प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, अम्मींच्याही. अम्मींनी बुरख्यावर नारिंगी जॅकेट चढवलं आणि आरशात पाहून स्वतःच हसल्या. फजर पढून, चहा घेऊन आम्ही साडेसहाला मिरकरवाड्याला पोचलो. आम्ही तिघी बायका, भाचा, माझ्या दोन मुली. बंदरावर त्या वेळी रात्रीच्या होड्यांचा लिलाव चालू असतो, बर्फ फोडण्याचा आवाज, टोपल्या, मांजरं. मुलींना तिथेच थांबायचं होतं.

होडी बंदराबाहेर पडली आणि दीपस्तंभ उजव्या हाताला ठेवून वळली. हा दीपस्तंभ १८६७ चा. किल्ला त्याहून कितीतरी जुना, बहामनी काळातला. पुढे आदिलशाहीकडे होता, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. घोड्याच्या नालासारखा आकार, तीन बाजूंना समुद्र. शाळेची सहल घेऊन मी त्याच्या बुरुजावर अनेकदा गेले आहे, पण वरून समुद्र दिसतो, किल्ला दिसत नाही. समुद्रातून पाहिलं तर कळतं की हा डोंगर समुद्राने किती ठिकाणी पोखरला आहे. काळ्या पाषाणाला उभ्या भेगा, त्यांच्यावर तांबडा जांभा, मध्ये कुठे कुठे कपारी, त्यांतून पारवे उडत होते.

अम्मी डोंगराकडे पाहत नव्हत्या. त्या मागे वळून गावाकडे पाहत होत्या. या गावात येऊन त्यांना त्रेपन्न वर्षं झाली. नवरा समुद्रावर, दीर समुद्रावर, भाऊ जहाजावर खलाशी. या सगळ्या वर्षांत त्यांनी समुद्र पाहिला तो किनाऱ्यावरून, किंवा नुसता तारखांत. पाण्यावरून आपलं गाव त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

"आपला मोहल्ला इतकाच दिसताय?" त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

गुहेसमोर पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. खडकांवर पांढरी कालवं उघडी पडली होती, त्यांच्या खाली हिरवं शेवाळ, त्याच्याही खाली नेहमी पाण्यात राहणारा काळा ओला पट्टा. गुहेचं तोंड अंधारं. लाट आत गेली की मोठा माणूस उसासा टाकतो तसा आवाज यायचा. किल्ल्यात एक भुयार आहे आणि त्याचं दुसरं तोंड या गुहेत निघतं, असं गावात सांगतात. पर्वतारोहणवाली मंडळी दोर लावून कड्यावरून इथे उतरतात. भाचा उभाच राहिला. "चाचा, पाणी किती कमी आहे! आत जाऊन येऊ या, दहा मिनिटं."

चाचांनी होडी आत घेतली नाही. त्यांनी नांगर टाकला आणि गुहेच्या तोंडाशी एक काळा धोंडा दाखवला. पाण्याच्या वर दीड हात निघालेला. "पोरा, घड्याल लाव. हा धोंडा बघत बस." आणि ते गळ टाकून बसले.

भाच्याने खरंच मोबाइलमध्ये वेळ लावली. साडेआठला धोंडा होता तितकाच. नऊला वीतभर कमी झाला. भाचा म्हणाला, एवढ्या वेळात आपण चार वेळा जाऊन आलो असतो. साडेनऊला निम्मा राहिला. दहा वाजता तिथे धोंडा नव्हता, नुसतं फेसाचं वर्तुळ फिरत होतं. आणि गुहेचा आवाज बदलला होता. आता लाट आत गेली की हवा कोंडून धाडकन आवाज यायचा आणि तोंडातून तुषार बाहेर फेकले जायचे. माझी धाकटी मुलगी मला चिकटली.

यामागचा हिशेब मी होडीतच सांगितला, कारण तो गणिताच्या पुस्तकात कुठे सापडणार नाही. पाणी सहा तासांत चढतं, पण दर तासाला सारखं चढत नाही. दर्यावर्दी लोक त्याचे बारा भाग करतात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. रत्नागिरीला उधाणाचा चढ-उतार दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पहिल्या तासात पाणी जेमतेम सतरा सेंटिमीटर चढेल, दुसऱ्यात तेहतीस, तिसऱ्यात पन्नास. माणूस फसतो तो पहिल्या तासामुळे. पाणी हलतच नाही असं वाटून तो आत जातो, शिंपले वेचतो, फोटो काढतो, आणि परत निघतो तेव्हा दुसरा-तिसरा तास चालू झालेला असतो. त्यात इटलीची गोष्ट वेगळी आहे. भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी बंद, तिथे भरती-ओहोटीचा फरक फूटभर. काप्रीची गुहा बंद होते ती लाटा मोठ्या असल्या की, आणि त्या डोळ्यांना दिसतात. आपल्या गुहेचा दरवाजा दिवसातून दोन वेळा चुपचाप लागतो. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून इकडच्या गुहेत शिरणारा मुलगा हा फरक सोबत घेऊन येत नाही.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, नानांना हे कुणी शिकवलं? कुणी नाही. किंवा सगळ्यांनी. आपल्या मोहल्ल्यांतली भाषाच त्या कामातून आलेली आहे. दर्या, बंदर, लंगर फारसीतून. नाखवा म्हणजे नाखुदा, नावेचा मालक. सारंग म्हणजे सरहंग, खलाशांचा मुकादम. खलाशी अरबीतून. मौसमही अरबीच, आणि त्याचाच इंग्रजांनी मॉन्सून केला. हे शब्द मराठीत इतके मुरले की आता कुणाला परके वाटत नाहीत. शब्द राहिले, काम करणारी माणसं आखाती देशांतल्या दुकानांत आणि मुंबईच्या ऑफिसांत गेली. माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी समुद्रावर जाणाऱ्यांची मुलं पाच-सहा. बाकीच्यांची घरं समुद्रापासून दहा मिनिटांवर आहेत आणि आज भरती किती वाजता, हे त्यांना सांगता येत नाही.

परतताना उत्तरेला मिऱ्याचा डोंगर दिसत होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं जहाज त्याच्या किनाऱ्याला येऊन आदळलं. पुढे कितीतरी वर्षं लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत आणि समुद्र त्याचे तुकडे करत राहिला. त्याच बाजूला पंधरामाड, जिथे दर पावसाळ्यात समुद्र घरांच्या अंगणापर्यंत येतो म्हणून दगडांचा बंधारा घातलेला आहे. गुहा कोरणारी ताकद आणि अंगण नेणारी ताकद एकच.

गुहांचा विषय निघाला म्हणून एक सांगून टाकते, पुन्हा संधी मिळेल न मिळेल. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत. त्यांतल्या एका बेटावरच्या गुहेत पाकोळ्या नावाचे लहान पक्षी राहतात आणि आपल्या लाळेने घरटी बांधतात. चीनकडे या घरट्यांचं सूप महाग विकलं जातं, म्हणून ती चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती चोरी उजेडात आणली आणि पक्ष्यांच्या रक्षणासाठी काम केलं. माणसाने आत न गेलेलंच बरं, अशाही काही गुहा असतात.

दुपारचं जेवण भाट्याच्या सुरूबनात. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कोलंबीचं सुकं. जेवणावर फार लिहीत नाही, संपादकांना वाटतं मी दर महिन्याला कोलंबीवर येऊन थांबते. जाताना मांडवीला थांबलो होतो. तिथली वाळू काळी, म्हणून गाव त्याला काळा समुद्र म्हणतं, आणि किल्ल्याच्या पलीकडचा पांढरा समुद्र. मी शाळेतलं लोहचुंबक पिशवीत टाकलं होतं. कागदाखाली ते फिरवलं की काळ्या वाळूतले कण केसासारखे उभे राहतात. पाषाण झिजून त्यातली लोहाची खनिजं समुद्र वेगळी काढून किनाऱ्यावर पसरतो. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा जास्त, तिथे चुंबकाला फार काही लागत नाही. मुलींनी दोन्हीकडची वाळू दोन बाटल्यांत भरून आणली.

एक गोष्ट मात्र मुलांना घरात बसवून सांगायला हवी. आरे-वारे, गणपतीपुळे, हे किनारे दिसायला फार सुंदर आहेत, आणि तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. बुडणाऱ्यांत बऱ्याचदा बाहेरगावाहून आलेले नातेवाईक असतात, लग्नाला, ईदला, सुट्टीला आलेले. किनाऱ्याला लाटा फुटत असताना मध्येच एखादी पट्टी शांत दिसते, तिथे फेस नसतो. पोहता न येणाऱ्याला तीच जागा सुरक्षित वाटते. पण लाटांनी आणलेलं पाणी परत जाण्याची ती वाट असते आणि तिची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेते. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दम जातो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर यायचं आणि मग वळायचं. पोहता येत नसेल तर हात वर करून तरंगत राहायचं. आणि बुडणाऱ्याला वाचवायला दुसऱ्याने रिकाम्या हाताने उडी टाकायची नाही. दोर, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेकायचं. एकाच्या मागोमाग घरातली तीन-चार माणसं जातात ती इथेच. पाहुणे आले की आपण त्यांना मासे खायला घालतो, थिबा पॅलेस दाखवतो. ही दोन वाक्यंही सांगावीत. पावसाळ्यात तर पाण्यात पाय घालण्याचं नावच नको.

सुट्टीनंतर सातवीच्या वर्गाला मी काम दिलं: आठवडाभर चांदाची तारीख लिहायची, अम्मींच्या नियमाने भरतीची वेळ काढायची आणि घरातल्या कुणा मोठ्याबरोबर मांडवीला जाऊन प्रत्यक्ष पाहायची. अठरा वह्या आल्या. बहुतेकांचं पाणी हिशेबाच्या अर्धा ते एक तास आधी भरलेलं. एका मुलीने आजीला विचारून लिहिलं होतं की आमच्या घरात पाऊणपट करून वर अर्धा तास कमी करतात. हे मलाही ठाऊक नव्हतं. अम्मींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "राजिवड्याची असंल ती." होतीच.

आता घरात हेदवीचं ठरतंय. बामणघळीला भरती हवी, म्हणून भाच्याने कुर्ल्याहून फोनवर हिशेब केला: चांदाची चौदावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यातून राजिवड्याचा अर्धा तास वजा. जयगडला जाऊन फेरीबोटीने तवसाळला उतरायचं, तिथून हेदवी जवळ. अम्मी येणार आहेत. फेरीबोटीत त्यांनी गाडीतच बसून राहावं असं माझ्या मिस्टरांचं म्हणणं आहे, अम्मींना कठड्याशी उभं राहायचं आहे. वाद अजून मिटलेला नाही.